सावंतवाडी: दरबाराने पोसलेलं आणि जत्रेने पोसलेलं

गोव्याहून परतणारी पर्यटकांची गाडी सावंतवाडीत फार तर दोन तास थांबते. मोती तलावाला एक फेरी, राजवाड्यासमोर फोटो, चितार आळीतून लाकडी फळांची एक परडी, कुठेतरी माशांचं जेवण, की निघाली. हिवाळ्यात आलेल्याला एखाद्या गावच्या जत्रेत दशावतारही बघायला मिळतो. तलाव, राजवाडा, खेळणी, नाटक या पाहुण्याच्या यादीत वेगवेगळ्या ओळी असतात. त्यांचा इतिहास मात्र एकाच प्रश्नाभोवती फिरतो: कलावंताच्या घरची चूल कशावर पेटत होती? कुणाची दरबारावर, कुणाची बाजारावर, कुणाची गावदेवीच्या जत्रेवर. त्यावरून कुठली कला आज कशी उभी आहे, हे बऱ्यापैकी कळतं.

आधी दरबार. सावंत-भोसले हे कुडाळ प्रांतातलं घराणं. आदिलशाहीच्या काळात, 1627 मध्ये, खेम सावंतांनी आपला स्वतंत्र कारभार सुरू केला. लखम सावंतांनी 1659 मध्ये शिवाजी महाराजांशी तह केला, पण पुढे या घराण्याचे मुघल, पोर्तुगीज, करवीरकर म्हणजे कोल्हापूरकर अशा सगळ्यांशी कधी सलोख्याचे तर कधी लढाईचे संबंध राहिले. दोष द्यायचं कारण नाही. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली ती एक चिंचोळी पट्टी. खाली गोव्यात पोर्तुगीज, घाटावर कोल्हापूर. पीक भाताचं आणि नारळाचं. अशा मुलखाला शेजाऱ्याकडे बघूनच वागावं लागतं. दुसऱ्या खेम सावंतांनी चराठे गावच्या परिसरात राजधानी वसवली. ती सुंदरवाडी, म्हणजेच आजची सावंतवाडी.

कलांच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले ते तिसरे खेम सावंत. 1755 ते 1803 अशी जवळपास अर्धं शतक त्यांची कारकीर्द. 1763 मध्ये जयाप्पा शिंद्यांच्या कन्या लक्ष्मीबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि शिंद्यांच्या वजनामुळे दिल्लीच्या बादशहाकडून ‘राजेबहाद्दर’ हा किताब मिळाला. कोल्हापूरकरांना हा मान खुपला, त्यांनी वाडीवर चाल करून काही डोंगरी किल्ले घेतले; शिंद्यांनी मध्ये पडून ते परत मिळवून दिले. याच काळात पेडणे, डिचोली, सत्तरी हा भाग सावंतांच्या हातून पोर्तुगीजांकडे गेला. राजकारणात म्हणाल तर कमाईपेक्षा गमावलंच जास्त. पण आजचा जांभ्या दगडातला राजवाडा उभा राहिला तो याच राजाच्या कारकिर्दीत, आणि सावंतवाडी ज्या दोन गोष्टींसाठी ओळखली जाते त्या गंजिफा आणि लाखकाम यांनाही राजाश्रय मिळाला तो याच दरबारी.

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. हा खेळ मुळात इराणकडून आला असं मानतात. बाबराच्या आठवणींत 1527 साली त्याने सिंधमध्ये गंजिफा पाठवल्याची नोंद आहे. मुघलांच्या गंजिफ्यात आठ रंग आणि 96 पत्ते असत. दख्खनेत त्याला देव मिळाले. दशावतारी गंजिफ्यात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी असे बारा, म्हणजे एकूण 120 पत्ते. तिघे खेळतात, प्रत्येकाच्या हातात 40. त्यातली गंमत अशी की मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह आणि वामन या पहिल्या पाच अवतारांत राजा-प्रधानानंतर एक्का सर्वांत भारी आणि दश्शी सर्वांत हलकी. परशुरामापासून पुढे हिशेब उलटा. खेळ दिवसा असेल तर रामाच्या राजाने सुरुवात करायची, दिवे लागल्यावर कृष्णाच्या. कोणते पत्ते पडून गेले, कोणते उरले हे सगळं डोक्यात ठेवायचं. खेळताना दहा अवतारांचं स्मरण होतं म्हणून वडीलधाऱ्यांना या खेळाचं वावडं नसे, असंही सांगतात. पुण्य आणि पत्ते एकाच डावात. याहून सोयीचं काय हवं!

तेलंगणातून दरबारात आलेल्या विद्वानांकडून राजाला या खेळाची गोडी लागली आणि त्याने इथल्या चिताऱ्यांकडून गंजिफा करून घेतला, अशी कथा सावंतवाडीत ऐकायला मिळते. चितारी हे रंगकाम आणि लाखकाम करणारे कारागीर. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, पांढऱ्या मातीचा लेप द्यायचा, दगडाने घोटून गुळगुळीत करायचं, गोल कापायचं, मग बारीक कुंचल्याने चित्र आणि पाठीवर लाख. हे काम 120 वेळा केलं की एक जोड. इतक्या मेहनतीचा माल घेणार कोण? राजा, सरदार, मानकरी. गिऱ्हाईक मुठीएवढं, तेही बहुतेक वाड्यातलंच. युरोपातून छापील बावन्न पत्त्यांचे स्वस्त जोड यायला लागल्यावर गंजिफा त्यांच्यापुढे टिकणं शक्य नव्हतं, आणि टिकला नाही. 20व्या शतकाच्या मध्यापर्यंत तो करणारा जाणता हात जवळजवळ एकच उरला होता: पुंडलिक चितारी.

तो हात थांबण्याआधी राजवाड्यातूनच धावपळ झाली. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चिताऱ्यांना इतरांना शिकवायला राजी केलं, स्वतः सत्वशीलादेवीही शिकल्या, आणि राजवाड्याच्या दरबार हॉलमध्येच कारखाना सुरू झाला. जिथे मुजरे होत होते तिथे कारागीर मांडी घालून रंगवायला बसले. संस्थान 1948 मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं होतं, म्हणजे दरबार उरला नव्हता; दरबाराची जुनी जबाबदारी मात्र या दोघांनी अंगावर घेतली. सत्वशीलादेवींचं 2018 मध्ये निधन झालं. आज राजवाडा बघायला गेलात तर रंगवण्याचं काम चालू असलेलं बघता येतं, जोड विकतही मिळतो. किंमत ऐकून दचकू नका, 120 चित्रं आहेत ती. 2024 मध्ये सावंतवाडीच्या गंजिफ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तरी माझं मत असं की मानांकनाने नाव राखलं जातं, खेळ राखला जात नाही. जोड विकत घेऊन भिंतीवर लावणारे भेटतात; राम दिवसा की रात्री हे विचारलं तर गप्प बसतात.

लाकडी खेळण्यांचं दैव थोडं वेगळं, कारण त्यांना पहिल्यापासून बाजार होता. कांतणीवर फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर बसते. पूर्वी एकाने दोरी ओढायची आणि दुसऱ्याने कांतायचं, आता विजेची मोटर. हलक्या खेळण्यांना पांगाऱ्यासारखं मऊ लाकूड, पाटांना आणि चौरंगांना टणक. भोवरे, भातुकली, बाहुल्या, आणि ती प्रसिद्ध फळं: आंबा, केळं, वांगं, फणस. लांबून खरी वाटतात, हातात घेतल्यावर हसू येतं. मुलीच्या लग्नातल्या रंगीत पाटांपासून घरच्या देव्हाऱ्यापर्यंत कोकणातल्या संसाराला चिताऱ्याची गरज पडायची. म्हणून संस्थान गेलं तरी चितार आळी रिकामी झाली नाही. तिला खरा धक्का दिला तो प्लास्टिकने. लाखेची जागाही पुष्कळ ठिकाणी तयार रंगांनी घेतली आहे. दुकानात मांडलेला सगळाच माल इथल्या कांतणीवरचा असेल असं समजू नका. नीट विचारलं तर दुकानदार खरं सांगतात, आणि आळीत आत चार पावलं गेलात तर भुसा उडताना दिसतो. लाकडी वस्तूंनाही आता मानांकन आहे.

इंग्रजांच्या काळाबद्दल थोडक्यात. 1838 मध्ये संस्थानाचा कारभार त्यांनी आपल्या हाती घेतला, त्याविरुद्ध 1844 मध्ये मोठं बंड झालं आणि ते मोडलं गेलं. वेंगुर्ले बंदर आणि बेळगावची लष्करी छावणी यांना जोडणारा आंबोली घाटाचा रस्ता सावंतवाडीवरून गेला, त्यामुळे गावाची बाजारपेठ वाढली. मोती तलाव 1874 चा. त्याच्या अलीकडे राजवाडा आणि पलीकडे बाजार अशी गावाची आजची ठेवण तेव्हापासूनची. त्या काळच्या सरकारी गॅझेटियरमध्ये सावंतवाडीच्या वाळ्याच्या पंख्यांचं, टोपल्यांचं वर्णन सापडतं. त्यांवर सोनेरी तार आणि भुंग्याचे चमकदार पंख जडवलेले असत. आज ती कला शोधून सापडत नाही. गिऱ्हाईक साहेब होते, साहेब गेले.

आता जत्रा. दशावताराला राजवाड्याने हात दिला नसेल असं नाही, पण त्याचं पोट कधीच राजवाड्यावर नव्हतं. कार्तिकात देवळांच्या जत्रा सुरू होतात त्या पावसाच्या तोंडापर्यंत. प्रत्येक देवळाची जत्रा, प्रत्येक जत्रेत रात्री नाटक, आणि कुठल्या गावात कुठल्या कंपनीने नाटक करायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. मोचेमाडकर, आजगावकर, वालावलकर, पार्सेकर, चेंदवणकर अशी या कंपन्यांची नावं इथे घराघरांत माहीत. पूर्वी ही मंडळी पेटारा डोक्यावर घेऊन गावोगाव चालत जायची. आता टेम्पो असतो. पेटाऱ्यातला गणपती मात्र अजून आधी पुजला जातो, मग तोंडाला रंग.

लिहिलेली संहिता नाही. सुरुवातीला गणपती, रिद्धिसिद्धी, मोरावरची सरस्वती, मग वेद पळवणाऱ्या संकासुराची धमाल हा ‘आड दशावतार’. त्यानंतर पुराणातलं आख्यान, ज्याचे संवाद नट उभ्या उभ्या रचतात. हार्मोनियम, मृदंग, झांज एवढ्यावर रात्र निघते. स्त्रीपात्रं पुरुषच करतात, आणि चांगल्या स्त्रीपार्टीच्या पदराची ढब बघायला बायकाच पुढे बसतात. पहाटे दहीहंडी फुटते, म्हणून याला मालवणीत ‘धयकालो’ म्हणतात. पेडण्यात, म्हणजे सावंतांनी गमावलेल्या मुलखात, हेच नाटक तितक्याच हौसेने होतं. सरहद्द बदलली, देवळं आणि जत्रा जागच्या जागी राहिल्या. आता पावसाळ्यात हॉलमध्ये ‘ट्रिकसीनयुक्त’ दशावतार लागतो. धूर, दिवे, आकाशातून उतरणारा देव. जुने जाणते नाक मुरडतात, पण तिकीट काढून जातातच.

दरबाराच्या आणि जत्रेच्या मधला एक धागा कुडाळजवळच्या पिंगुळीत दिसतो. तिथल्या ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्यांना आणि चित्रकथीला, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याच्या कलेला, सावंतांचा आश्रय होता. तो गेल्यावर एकेका घराने हा ठेवा सांभाळला. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. गंगावणे कुटुंबाने गोठ्याचंच संग्रहालय केलं आहे. सावंतवाडीत एक दिवस मुक्काम असेल तर तिकडे वाट वाकडी करावी.

खरेदीला यायचं तर मंगळवारी या, तो आठवडा बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतल्या बायका कोकमं, उकडे तांदूळ, काजूगर, गावठी भाजी घेऊन बसतात. ‘वेंगुर्ला काजू’ आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीचं कोकम यांनाही मानांकन आहे, पण बाजारातल्या टोपलीवर त्याचं लेबल शोधत बसू नका. चाखून घ्या, म्हातारीने नाही म्हटलं तर पुढच्या टोपलीकडे जा. भादव्यात आलात तर ‘गणपतीच्या शाळा’ बघायला मिळतील, म्हणजे मूर्तीचे कारखाने. घरोघरचे पाट आधीच तिथे पोचलेले असतात, आणि आपल्या पाटावर बसलेला गणपती चतुर्थीला डोक्यावरून घरी येतो.

जत्रेसाठी मात्र कॅलेंडर बघून चालत नाही. बहुतेक जत्रा तिथीने ठरतात, आंगणेवाडीसारखी एखादी देवीच्या कौलाने. सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणांची जत्रा त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास. गर्दी इतकी की गाडी लांब लावून चालावं लागतं. लहान गावची जत्रा त्याहून बरी. उभ्या बाजारात चहा घेताना विचारा, ‘आज धयकालो खंय?’ एक तरी गाव सांगतील, कंपनीचं नावही सांगतील, आणि तिचा राजपार्टी, म्हणजे राजाचं काम करणारा नट, कसा आहे यावर दोघांत वाद लागेल. रात्री अकराच्या आधी पोचायची घाई नको. देवळाबाहेर गुळाचं, आल्याच्या चवीचं खाजं घ्या, बसायला काहीतरी सोबत ठेवा. जानेवारीत पहाटे दव पडतं, तेव्हा कानटोपीही.