सैनिकांची दाढी

गणवेशातील सैनिकाने दाढी राखावी की नाही, राखलीच तर किती आणि कोणाच्या परवानगीने, याचे नियम प्रत्येक दलात वेगळे आहेत. भारतीय भूदलात शीख जवानांना केस व दाढी राखण्याची मुभा आहे. बाकीच्यांना रोज गुळगुळीत दाढी करावी लागते, मिशी चालते. नौदलात कमांडिंग अधिकाऱ्याच्या परवानगीने दाढी वाढवता येते, मात्र तिच्यासोबत मिशीही हवी, नुसती हनुवटीवरची दाढी चालत नाही. नाशिक जिल्ह्यात भूदल आणि हवाई दल या दोघांचेही नियम नांदतात: नाशिक रोडला तोफखाना केंद्र, देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी, ओझरला हवाई दलाचा दुरुस्ती डेपो.

गुळगुळीत हनुवटीची शिस्त आपल्याकडे ब्रिटिशांकडून आली. त्यांच्या लष्करी नियमांत हनुवटी व खालचा ओठ भादरावा, वरचा ओठ भादरू नये, असे स्पष्ट लिहिलेले होते. मिशीची ही सक्ती १९१६ मध्ये उठली. दाढीवरची बंदी तशीच राहिली.

दाढीबंदीचे सर्वांत भक्कम कारण टापटीप हे नसून गॅस मास्क हे आहे. मास्कची रबरी कड कपाळ, गाल आणि हनुवटीखालच्या कातडीला चिकटून बसते तेव्हाच हवा फक्त फिल्टरमधून आत येते. कड केसांवर टेकली की केसाकेसांमधून बारीक वाटा तयार होतात आणि श्वास घेताना आतला दाब कमी झाला की विषारी हवा त्या वाटांनी शिरते. त्यासाठी लांब दाढीच हवी असे नाही. एक-दोन दिवसांचे खुंटही पुरतात, उलट ताठ खुंट रबराला जास्त उचलून धरतात. कडेच्या आत राहणारी मिशी मात्र अडचण करत नाही. तपासणी सोपी आहे: मास्क घालून पट्टे सारखे ओढायचे, फिल्टरचे तोंड तळहाताने बंद करायचे, हलका श्वास आत घेऊन सुमारे दहा सेकंद थांबायचे. मास्क चेहऱ्याकडे ओढला जाऊन तसाच राहिला तर ठीक. सैल पडला किंवा गालाजवळ गार झुळूक लागली तर गळती आहे. गळती बहुधा जबड्याच्या कोपऱ्याशी सापडते, कारण घाईच्या दाढीत तिथलेच खुंट राहतात. पट्टे आणखी आवळून ती थांबत नाही, कड वाकडी होऊन वाढते.

दाढीसह वापरता येईल असे साधन म्हणजे डोक्यावरून घालायचा सैल हूड. त्यात बॅटरीवरचा पंखा गाळलेली हवा सतत ढकलतो, त्यामुळे कातडीशी घट्ट बसण्याची गरज उरत नाही. पण बॅटरी संपते, वजन वाढते आणि पंख्याच्या आवाजात हुकूम ऐकू येत नाही. करोनाच्या काळात ब्रिटनमधल्या शीख डॉक्टरांनी दाढीवर रबरी ताणपट्टी बांधून त्यावर मास्क बसवण्याची पद्धत वापरली. ती रुग्णालयातल्या मास्कपुरती तपासलेली आहे. रणांगणावरच्या मास्कला ती जशीच्या तशी लागू धरू नये.

रोजच्या दाढीचा त्रास कुरळ्या केसांच्या जवानांना सर्वाधिक होतो. उलटा हात मारला किंवा अनेक पात्यांचा रेझर दाबून फिरवला की केस कातडीच्या खाली कापला जातो, वाढताना वळून आतच रुततो आणि मानेवर पुटकुळ्या येतात. उपाय असा: गरम पाण्याने केस मऊ करावेत, एकच पाते सुलट्या दिशेने न दाबता फिरवावे, किंवा मशीनने साधारण एक मिलिमीटर केस ठेवावेत. पुटकुळ्या पिकल्या असतील तर काही आठवडे वस्तरा बंद ठेवणे हाच इलाज. एमआय रूममधून, म्हणजे युनिटच्या वैद्यकीय तपासणी कक्षातून, मिळालेली दाढी न करण्याची चिठ्ठी म्हणजे कामचुकारपणा नव्हे, आणि उस्तादाने, म्हणजे कवायत शिकवणाऱ्याने, तिला तसे समजू नये.

श्रावणात दाढी न करणारी माणसे नाशकात घरोघरी आहेत, पण श्रावण पाळणारा जवानही फॉल-इनला, म्हणजे रांगेतल्या हजेरीला, दाढी करूनच उभा राहतो. सुतकात वाढलेली दाढी रजेतच, दहाव्याला रामकुंडावर उतरते.

धार्मिक दाढीचा प्रश्न हवाई दलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हवाई दलाच्या नियम ४२५ प्रमाणे ज्यांचा धर्म केस कापायला किंवा दाढी करायला मनाई करतो, त्यांनाच ते राखता येतात. २००८ मध्ये सेवामुक्त केलेल्या एका मुस्लिम हवाई सैनिकाचे अपील न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी फेटाळले. इस्लाममध्ये दाढी काढण्यास सक्त मनाई आहे का, या प्रश्नावर त्याच्या वकिलांनी वेगवेगळे अर्थ लावले जातात असे सांगितले, आणि प्रकरण नियमाच्या सवलतीत बसले नाही. सैन्यदलांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार अनुच्छेद ३३ ने संसदेला दिलेला आहेच.

ब्रिटिश लष्कराने मात्र मार्च २०२४ मध्ये दाढीला परवानगी दिली: लांबी २.५ ते २५.५ मिलिमीटर, तुरळक ठिगळे नकोत, आणि मास्क लागणार असेल तिथे काढायची तयारी. हा मार्ग योग्य वाटतो, कारण तो बंदी माणसाला न लावता कामाला लावतो. सियाचीनसारख्या चौकीवर वस्तऱ्याचा हट्ट धरण्यात काहीच अर्थ नसतो. रासायनिक हल्ल्याच्या सरावात तो धरावाच लागतो.

दाढी राखणे म्हणजे मोकळीक, हा समजही खरा नाही. शीख जवान पहाटे ओलसर दाढीला फिक्सर लावून ती खाली विंचरतो, दोऱ्याभोवती हनुवटीखाली गुंडाळतो, दोऱ्याची टोके पगडीत वर नेऊन बांधतो आणि वरून ठाठी, म्हणजे कापडाची पट्टी, आवळतो. फिक्सर सुकेपर्यंत ठाठी काढायची नसते. ती लवकर सोडली तर केस कवायतीच्या मध्यावरच सुटू लागतात.