जुन्या मोटारींच्या सांध्यांतलं शिसं: थोडी पार्श्वभूमी

जुन्या मोटारीचा रंग पत्र्यापर्यंत उतरवला की छताच्या मागच्या खांबापाशी, पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात किंवा मागच्या मडगार्डच्या मुळाशी करड्या, मऊ धातूचा पट्टा दिसतो. बहुतेक वेळा ती कुणी मागाहून केलेली दुरुस्ती नसते, कारखान्यातलंच मूळ काम असतं. तरीही ते दिसलं की वितळवून काढून टाका, असा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. या सल्ल्यामागे तीन-चार वेगवेगळ्या काळांतली कारणं एकमेकांत मिसळली आहेत.

अगदी सुरुवातीच्या गाड्यांचा इथे फारसा संबंध नाही. लाकडी सांगाड्यावर पत्रा आणि छताच्या मध्यभागी कापड, अशी ती बांधणी होती. अमेरिकेत 1935 च्या मॉडेलांवर अखंड पोलादी छत आलं आणि बंद, पूर्ण पोलादी बॉडी रुळली, तेव्हापासून सांध्यांचा प्रश्न मोठा झाला. अख्खी बॉडी एका तुकड्यात दाबून काढणं शक्य नव्हतं. छत, बाजू आणि मागचा भाग वेगवेगळे दाबायचे, कडा एकमेकींवर ठेवून स्पॉट वेल्डिंग, म्हणजे ठिकठिकाणी ठिपक्यांसारखे जोड, करायचं, असा क्रम होता. सांध्याच्या जागी मुद्दाम खोलगट पायरी ठेवलेली असे. तिथे सलग गॅस वेल्डिंग केलं असतं तर पातळ पत्रा वाकडातिकडा झाला असता. म्हणून खाच भरायला असा धातू हवा होता, जो पत्र्याला त्रास न देता बसेल.

तो साधारण 70 टक्के शिसं आणि 30 टक्के कथील असा डाख होता. नुसतं शिसं लोखंडाला धरत नाही. कथील लोखंडाशी संयुग बनवतं आणि पकड देतं. म्हणून आधी पत्रा घासून, फ्लक्स (धातूचा पृष्ठभाग साफ करून डाख धरायला लावणारं रसायन) लावून त्यावर कथलाचा पातळ थर चढवायचा. भांड्याला कल्हई करतात तेच काम. मग मुख्य भरणी. हे मिश्रण 183 अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतं आणि पूर्ण पातळ व्हायला सुमारे 255 अंश लागतात. मधल्या पट्ट्यात ते लोण्यासारखं राहतं. मेणात किंवा चरबीत बुडवलेल्या लाकडी थापीने ते उभ्या पत्र्यावरही दाबून बसवता येतं आणि थंड झाल्यावर वक्र दात्यांच्या कानशीने सपाट करता येतं. दुसऱ्या महायुद्धानंतरची दोन दशकं हा या कारागिरीचा बहराचा काळ. हौशी लोक 1949 ते 1951 च्या मर्क्युरी या अमेरिकन मोटारींची छतं कापून खाली बसवत आणि सांधे शिशाने बुजवत. त्यांचं काम आजही टिकलेलं दिसतं.

शिशाची बदनामी नंतरची आहे. 1950 च्या दशकात पॉलिएस्टर पुट्टी आली. हार्डनर मिसळायचा, थापायची, घासायची. ज्योत नको, वर्षानुवर्षांचा सराव नको. 1960 च्या दशकात व्हिनाइलने मढवलेल्या छतांची फॅशन आली. सांधा झाकलाच जाणार म्हणून अनेक गाड्यांत खालचं काम खडबडीत सोडलं गेलं आणि व्हिनाइलखाली पाणी साचत राहिलं. आज जे सांधे कुजलेले सापडतात त्यांतले पुष्कळसे या छतांखालचे आहेत. मग 1978 साली अमेरिकेत कामाच्या जागेतल्या हवेतल्या शिशाची मर्यादा दर घनमीटरला 200 वरून 50 मायक्रोग्रॅमवर आली. शिसं घासण्याच्या बंदिस्त खोल्या चालवणं उत्पादकांना परवडेना. पुढे सांधे छताच्या खाचेत सरकवून प्लॅस्टिकच्या पट्टीने झाकले गेले आणि बॉडीची बाजू एकाच तुकड्यात निघू लागली.

आता मूळ वादाकडे. काढून टाका म्हणणाऱ्यांचा मुख्य पुरावा म्हणजे रंगाखाली येणारे फोड. पण शिसं गंजत नाही. फोड येतात ते बहुधा नीट न धुतलेल्या फ्लक्समुळे. त्यातलं झिंक क्लोराइड ओलावा ओढून घेतं आणि वर्षांनंतरही खालचा पत्रा खातं. दुसरं कारण आतल्या बाजूचं. स्पॉट वेल्डिंगच्या दोन कडांमध्ये कधीच रंग पोचलेला नसतो. गंज तिथून बाहेर येतो आणि शिशाला उचलतो. म्हणजे तपासायचा आहे तो सांधा. कानस हलकी फिरवली, शिशाची कड पत्र्याशी सलग आणि चकचकीत दिसली, कुठे काळी रेष, भोक किंवा तडा नसला, तर तो सांधा उघडायचं कारण मला दिसत नाही. जिथे कड सुटली आहे तिथे अर्थातच पूर्ण काढायचं आणि खालचा पत्रा पाहायचा.

काढण्याची किंमत मात्र क्वचितच सांगितली जाते. पातळ पत्र्याला पुन्हा उष्णता लागते. वितळलेले थेंब खांबाच्या पोकळीत जातात. मागे राहिलेला कथलाचा थर नव्या वेल्डिंगमध्ये मिसळून ते सच्छिद्र करतो. डाखाच्या तापमानाला शिशाची वाफ फारशी होत नाही, पण वेल्डिंगच्या आर्कने होते. सर्वात वाईट म्हणजे ग्राइंडर. त्याची बारीक धूळ फुप्फुसात जाते, घरापर्यंत कपड्यांवरून येते. कानस वापरावी, किस गोळा करावा, मास्क शिशाच्या धुळीसाठीचाच असावा. यात सवलत नाही. एवढं करून त्या खाचेत पुट्टी भरली तर दोन पत्र्यांची हालचाल होताच जुन्या सांध्याची रेष रंगातून वर येते. पुट्टीच भरायची असेल तर आधी सांधा थोड्या थोड्या टाक्यांनी सलग वेल्ड करावा लागतो.

विरुद्ध बाजूचा एक मुद्दा मात्र बिनतोड आहे. अलीकडे उघडी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने प्रायमर चढवला जातो आणि तो भट्टीत साधारण 180 अंशांच्या आसपास पक्का केला जातो. शिशाचा डाख मऊ पडू लागतो तोही जवळपास याच तापमानाला. अशा भट्टीतून जाणाऱ्या बॉडीतलं शिसं आधी काढावंच लागतं, सांधा कितीही शाबूत असो.

त्यानंतर पुन्हा धातूच भरायचा असेल तर बिनशिशाचे, कथीलप्रधान डाख मिळतात. ते महाग आहेत आणि त्यांचा मऊ राहण्याचा पट्टा अरुंद, त्यामुळे थापी झपाट्याने चालवावी लागते. जुन्या शिशावर ते थेट चढवले तर दोन्ही मिसळतात आणि वितळण्याचं गणित बदलतं. म्हणून हा मार्ग धरणाऱ्याने आधी पूर्ण साफ पत्रा करून नव्याने थर चढवणं भाग आहे.