'माहेरचं नाव' : पंधराच प्रती कशासाठी?

दुकानात शिरलं की समोर 'माहेरचं नाव' हा हाताचा फोटो दिसतो. "केवढ्याला?" आणि किंमत ऐकली की "एवढा महाग?" हे दोन्ही प्रश्न रोज येतात, म्हणून हे पत्रक.

हात अमळनेरकडच्या एका आजींचा आहे. जात्याच्या खुंट्यावर टेकलेला, मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेला. गोंदताना घालतात काजळी, पण कातडीखालून ती हिरवट-निळी दिसते. म्हणून फोटो रंगीत ठेवला. काळ्या-पांढऱ्यात सुरकुत्या झकास उठल्या असत्या, पण तो हिरवा गेला असता. अक्षरं आता पसरली आहेत, पहिला 'स' तेवढा लागतो. हे आजींचं माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं दुसरंच नाव लिहिलं गेलं आणि रेशनकार्डावर तेच चढलं. आजींना वाचता येत नाही, पण अक्षरांवरून बोट बरोबर फिरवतात. फोटो काढणाऱ्या आमच्या ताईंना म्हणाल्या, "तोंडना फोटू काढ ना माय, हातना काय काढस?" त्यांच्याच सांगण्यावरून दोन्हींपैकी एकही नाव आम्ही छापलेलं नाही.

असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनाही (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलानं, सोपानदेवांनी, गाणी उतरवून घेतली म्हणून ती राहिली, आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. ज्यांचं कुणी काही उतरवून घेतलं नाही, त्यांच्या मागे एखादी गोधडी उरते, नाहीतर हातावरचं गोंदण. ताई गोंदलेल्या हातांच्या मागे लागल्या त्या यामुळेच.

आता प्रतींचं. खाली कडेला पेन्सिलीनं ४/१५ असं लिहिलेलं दिसेल, म्हणजे पंधरातली चौथी. शेजारी सही. पेन्सिल अशासाठी, की तिचं लिहिलेलं शाईसारखं कागदात पसरत नाही आणि उडतही नाही. पंधरा झाल्या की ही फाइल पुन्हा छापायची नाही. "छोट्या साइजमध्ये एक द्या ना" म्हणालात तरी नाही, आणि फ्लेक्सवर तर नाहीच (वाढदिवसाचे फ्लेक्स आम्ही करतो, ते खातं वेगळं). पंधराखेरीज एकच प्रत काढली, ती आजींच्या घरी आहे. प्रत्येक विक्रीतला ठरलेला वाटाही त्यांना जातो. शेवटच्या पाच प्रतींची किंमत वाढेल, हे आधीच सांगून ठेवतो.

कागद कापसाचा आहे. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीला जो आखूड तंतू चिकटून राहतो, त्याचा असा कागद होतो. त्यात आम्ल नसतं, त्यामुळे तो वर्तमानपत्रासारखा पिवळा पडत नाही. शाईही पिगमेंटची, म्हणजे रंगाच्या बारीक कणांची, टिकाऊ.

घरी नेल्यावर कृपा करून लॅमिनेशन करू नका. चिकटवलेलं प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही आणि प्रत वाया जाते. फ्रेम आमच्याकडून करा किंवा दुसरीकडून, पण काच आणि कागद यांच्यात माउंटची (फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची) फट हवी, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो. ओल येणारी भिंत टाळा. पश्चिमेच्या खिडकीसमोरही नको, आपलं मे महिन्यातलं ऊन कुठल्याच रंगाला सोडत नाही.

प्रतीसोबत प्रमाणपत्र मिळेल, ते फ्रेमच्या मागे न चिकटवता कपाटात ठेवा. प्रत तुमची, पण फोटोचा कॉपीराइट ताईंकडेच राहतो. कॅलेंडरवर किंवा लग्नपत्रिकेवर छापायचा झाला तर आधी विचारा.

बघायला यायचं तर सकाळी या. ट्यूबलाइटखाली तो हिरवा नीट दिसत नाही.