मोजकी सत्रं आणि थेरपिस्टशी नातं : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

संगीतकार गुस्ताव माहलर ऑगस्ट १९१० मध्ये मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइडला भेटायला हॉलंडमधल्या लायडनला गेला. संसार मोडायच्या बेतात होता. दोघं शहरातून फिरत सुमारे चार तास बोलले आणि उपचार तिथेच आटोपले. कानावर आलं ते खरं मानलं तर त्या दुपारी बरंच काही साधलं, असं फ्रॉइडने पुढे एका पत्रात लिहिलं. गंमत म्हणजे त्याच्या मनोविश्लेषणाची ख्याती झाली ती वर्षानुवर्षं चालणारा उपचार म्हणून. थेरपिस्टशी भरवशाचं नातं जमून गुण यायला मोजकी सत्रं पुरतात की वर्षं लागतात, हाच तो जुना वाद.

उपचार लांबवण्यामागे एक विचार होता. आईवडिलांविषयीचे जुने राग-लोभ माणूस थेरपिस्टवर काढू लागतो आणि ते उलगडणं हाच उपचार, अशी फ्रॉइडची मांडणी. ते वर यायला वेळ लागणार, मग घाई करून कसं चालेल? फ्रॉइडचेच सहकारी सँडोर फेरेन्झी आणि ओटो रँक यांनी १९२० च्या दशकात उपचारांची मुदत आखडायचा प्रयत्न केला. १९४६ मध्ये शिकागोत फ्रान्झ अलेक्झांडर आणि थॉमस फ्रेंच या मनोविश्लेषकांनी तोच मुद्दा लावून धरला. जुन्या जाणत्यांना ते फारसं रुचलं नाही.

तोपर्यंत बंद दाराआड नेमकं काय चालतं हे बाहेर कोणालाच ठाऊक नव्हतं; थेरपिस्ट सांगेल ते खरं. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सने ते दार उघडलं. त्याने सत्रांचं ध्वनिमुद्रण सुरू केलं. तबकडीची एक बाजू काही मिनिटांतच भरायची, म्हणून बोलणं चालू असताना सारख्या तबकड्या बदलाव्या लागत. १९४२ मध्ये त्याने एका क्लायंटची, टोपणनावाने, सगळी संभाषणं शब्दशः छापली. सत्रं होती अवघी आठ. पुढे १९५७ मध्ये तो म्हणाला की, थेरपिस्टचा खरेपणा, विनाअट स्वीकार आणि समोरच्याचं मन जाणून घेणं यांनीच बदल घडतो, पद्धत दुय्यम. माझ्या मते या दाव्यापेक्षा त्या तबकड्यांनी या क्षेत्राचं जास्त भलं केलं.

दरम्यान १९५२ मध्ये मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंकने बॉम्बच टाकला होता : न्यूरोसिसचे (म्हणजे चिंता, भीती यांसारख्या त्रासांचे) दोन तृतीयांश रुग्ण उपचारांशिवायही दोन वर्षांत सुधारतात, मग मानसोपचारांचा गुण तो कोणता? त्याच्या आकडेमोडीवर पुढे पुष्कळ टीका झाली, पण त्या धक्क्याने पुरावे गोळा करणं भाग पडलं. मेरी स्मिथ आणि जीन ग्लास यांनी १९७७ मध्ये ३७५ अभ्यास एकत्र करून दाखवलं की उपचार घेतलेला सरासरी माणूस न घेतलेल्या ७५ टक्के लोकांपेक्षा बरा असतो. पद्धतींमधला फरक मात्र किरकोळ निघाला.

पद्धतीत फारसा फरक नाही, तर गुण येतो कशाने? १९७९ मध्ये हान्स स्ट्रप आणि सुझन हॅडली यांनी याची चांगलीच परीक्षा घेतली. काही विद्यार्थी अनुभवी थेरपिस्टांकडे पाठवले, काही प्रेमळ स्वभावासाठी नावाजलेल्या प्राध्यापकांकडे, ज्यांना मानसोपचारांचं काहीच शिक्षण नव्हतं. सरासरी निकाल जवळपास सारखे. (विद्यार्थी फार आजारी नव्हते, हे लक्षात ठेवलेलं बरं.) त्याच वर्षी एडवर्ड बॉर्डिनने थेरपिस्ट आणि क्लायंट यांच्या नात्याची कामचलाऊ व्याख्या केली : कुठे पोचायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत आणि एकमेकांवर भरवसा. आता नातं प्रश्नावलीने मोजता येऊ लागलं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेची नैराश्यावरची मोठी चाचणी १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. सोळा आठवडे, चार गट : दोन संवादोपचारांचे, एक औषधाचा, एक खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीचा. १९९६ मध्ये तिची आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा दिसलं की नातं जितकं घट्ट तितकी सुधारणा जास्त, आणि हे चारही गटांत. खोटी गोळी घेणाऱ्यांतसुद्धा.

हे नातं बहुधा तिसऱ्या ते पाचव्या सत्राच्या सुमारास मोजतात, आणि तेवढ्यावरून शेवटच्या निकालाचा थोडाफार अंदाज येतो. म्हणजे भरवसा जमायला वर्षं लागतात ही समजूत ढिली पडली. केनेथ हॉवर्डच्या गटाने १९८६ मध्ये दाखवलं होतंच की आठ सत्रांपर्यंत सुमारे निम्म्या लोकांत सुधारणा दिसते. पाऊणशे टक्के लोकांचा टप्पा गाठायला मात्र २६ सत्रं लागतात. खर्चाचा हिशोब ठेवणाऱ्यांनी पहिलं अर्धं वाक्य उचललं, दुसरं सोयीस्कर विसरले.

'नातं हेच सर्वस्व' म्हणणाऱ्यांनीही जरा दमानं घ्यावं. २०१८ मध्ये २९५ अभ्यासांचा आढावा झाला, त्यात नातं आणि निकाल यांचा सहसंबंध सुमारे ०.२८ आला (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण). म्हणजे निकालांतल्या फरकापैकी आठेक टक्केच यातून समजतो. शिवाय बरं वाटू लागलं म्हणूनही थेरपिस्ट आवडू लागतो. कशामुळे काय, हा वाद मिटलेला नाही.

त्या वादात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते स्कॉट बाल्डविन, ब्रूस वॅम्पोल्ड आणि झॅक इमेल यांचं २००७ चं काम. ८० थेरपिस्ट आणि त्यांच्या ३३१ क्लायंट्सची माहिती त्यांनी वेगवेगळी करून पाहिली. एकाच थेरपिस्टच्या क्लायंट्समध्ये कोणाचं नातं जास्त जमलं, कोणाचं कमी, याने निकालात फरक पडला नाही. फरक पडला तो थेरपिस्ट-थेरपिस्टमधल्या तफावतीने : ज्यांचं एकूणच लोकांशी चांगलं जमत होतं, त्यांचे क्लायंट जास्त सुधारले.