खोलीचा आकडा आणि बॉयलरचा आकडा: सरपण नेमके कशाने वाचते?

घराबाहेर बसवलेला लाकडाचा बॉयलर, म्हणजे लाकूड जाळून पाणी तापवणारी आणि ते नळ्यांतून घर उबदार करायला पाठवणारी भट्टी, वापरणाऱ्यांत दर हिवाळ्यात एक सल्ला फिरत असतो. बॉयलरच्या पाण्याचे तापमान ८२ अंशांवरून ६५ अंशांवर आणा, सरपण पाव हिश्शाने कमी लागेल, असा तो सल्ला. हा सल्ला देणारे लोक खोटे बोलत नाहीत. बहुतेकांनी तो स्वतः करून पाहिलेला असतो आणि त्यांना फरकही जाणवलेला असतो. मात्र त्यांनी घरातल्या थर्मोस्टॅटचा (तापमान ठरवून देणाऱ्या यंत्राचा) नियम बॉयलरच्या थर्मोस्टॅटला लावलेला असतो, आणि दोन्ही ठिकाणी अंशच दिसत असले तरी हे दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. या गोंधळापायी चांगले बॉयलर आतून कुजताना मी पाहिले आहेत, म्हणून हा फरक एकदा नीट मांडणे मला गरजेचे वाटते.

खोलीच्या थर्मोस्टॅटबद्दल फार सांगायला नको, कारण तो सगळ्यांच्या परिचयाचा आहे. घरातून बाहेर निसटणारी उष्णता आतल्या आणि बाहेरच्या तापमानातील फरकाच्या प्रमाणात असते. बाहेर १ अंश आणि आत २१ अंश असतील तर फरक २० अंशांचा. खोली १९ अंशांवर आणली की फरक १८ अंशांचा उरतो, म्हणजे घराची उष्णतेची गरजच सुमारे दहा टक्क्यांनी घटते आणि त्याच प्रमाणात सरपणही कमी लागते. इथे आकडा खाली आणणे म्हणजे खरोखर बचत करणे.

बॉयलरच्या आकड्याचे गणित वेगळे आहे. तो आकडा घराला किती उष्णता लागते हे ठरवत नाही. ती उष्णता किती गरम पाण्यातून न्यायची, एवढेच ठरवतो. समजा एका घराला कडाक्याच्या रात्री ८ किलोवॅट उष्णता लागते आणि पंप मिनिटाला २३ लिटर पाणी फिरवतो. पाणी ८२ अंशांनी घरात गेले आणि ७७ अंशांनी परत आले, तर घराला ८ किलोवॅट मिळाले. तेच पाणी ६५ अंशांनी गेले आणि ६० अंशांनी परतले, तरीही घराला ८ किलोवॅटच मिळाले. दोन्ही वेळा पाण्याने पाच अंश सोडले, आणि लाकूड जळते ते या पाच अंशांची भरपाई करण्यासाठी. सुरुवात ८२ पासून झाली की ६५ पासून, याने त्या भरपाईत फरक पडत नाही. तापमान आणि उष्णता या शब्दांची अदलाबदल करण्याची सवय आपल्याला जडलेली आहे, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

मग आकडा खाली आणल्याने काहीच वाचत नाही का? थोडे वाचते. बॉयलरच्या बाहेरच्या पत्र्यातून आणि जमिनीखालून जाणाऱ्या नळ्यांतून जी उष्णता वाया जाते, ती पाणी थंड ठेवल्यावर कमी होते. जमीन ५ अंशांची धरली, तर वरच्या उदाहरणात पाणी आणि माती यांतील फरक साधारण ७५ अंशांवरून ५८ अंशांवर येतो, म्हणजे ही गळती पाव हिश्शाच्या आसपास घटते. लोक जो पाव हिस्सा सांगतात तो बहुधा असाच कुठून तरी आलेला असावा, पण तो पाव हिस्सा गळतीचा आहे, सरपणाचा नव्हे. नळ्यांना चांगले उष्णतारोधक आवरण असेल आणि गळती एकूण उष्णतेच्या दहाव्या हिश्शाएवढी असेल, तर शंभर किलो सरपणामागे दोन-सव्वादोन किलोंची बचत हाती लागते.

ज्यांची बचत खरोखर यापेक्षा बरीच मोठी निघते, त्यांच्या नळ्या खराब आहेत असे खुशाल समजावे. बर्फ पडल्यावर बॉयलरपासून घरापर्यंत जमिनीवर एक पट्टा सर्वांत आधी वितळून मोकळा होत असेल, तर आवरणात पाणी शिरले आहे आणि तुमचे सरपण माती तापवते आहे. बॉयलरमधून निघताना आणि घरात शिरताना नळीचे तापमान मोजावे. मिनिटाला २३ लिटरच्या प्रवाहात वाटेत एक अंश जरी पडत असला, तरी १.६ किलोवॅट, म्हणजे दिवसाला सुमारे ३८ युनिटे (किलोवॅट-तास) उष्णता जमिनीत जात आहे. अशा वेळी बॉयलरचा आकडा उतरवत बसण्यापेक्षा चर पुन्हा खोदावा. ते काम कष्टाचे आहे, पण त्याला पर्याय नाही.

तरीही लोकांना फरक का जाणवतो, हे समजून घेणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ते समजल्याशिवाय हा सल्ला थांबणार नाही. पहिले कारण पहिल्याच दिवशी दिसते. बॉयलरमध्ये ८०० लिटर पाणी असेल, तर त्याचा प्रत्येक अंश म्हणजे ०.९३ युनिट उष्णता. आकडा ८२ वरून ६५ वर आणला की त्या पाण्यात आधीच साठलेली जवळजवळ १६ युनिटे घर वापरू लागते, आणि ८ किलोवॅटच्या गरजेत बॉयलरची आगीला हवा देणारी झडप दोन तास उघडतच नाही. त्या दिवशी जळण कमी लागले हे खरे, पण ती उष्णता कालच्या लाकडाची होती, आणि आकडा पुन्हा वर नेताना ती सगळी परत भरावी लागते. दुसरे कारण याहून फसवे आहे. ६५ अंशांचे पाणी रेडिएटरमधून किंवा हवा तापवणाऱ्या कॉइलमधून ८२ अंशांच्या पाण्याइतकी उष्णता खोलीत सोडू शकत नाही. २० अंशांच्या खोलीत रेडिएटरची क्षमता सुमारे एक तृतीयांशाने घटते. थंडी सौम्य असेल तर ते लक्षात येत नाही. थंडी वाढली की थर्मोस्टॅट २१ मागत असतो आणि खोली १९ वर अडकते. सरपण वाचते ते नेमके इथे, आणि ते खोली थंड राहिल्यामुळे वाचते. तेवढीच बचत बॉयलरला हात न लावता, खोलीचा थर्मोस्टॅट १९ वर आणून मिळाली असती.

या गैरसमजाला खतपाणी मिळते ते गॅसच्या कंडेन्सिंग बॉयलरकडून. तिथे परतीचे पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली आणले की धुरातली वाफ बॉयलरमध्येच निवते, तिची उष्णता पाण्याला मिळते आणि इंधन खरोखर वाचते. ते यंत्र त्यासाठीच बनवलेले असते आणि त्याचे भाग आम्लयुक्त पाण्याला टिकतील अशा धातूचे असतात. लाकडाच्या साध्या पोलादी बॉयलरमध्ये तीच क्रिया नासधूस करते. पूर्ण कोरडे लाकूड जळतानाही त्यातल्या हायड्रोजनपासून किलोमागे सुमारे अर्धा किलो पाणी तयार होते, आणि लाकडातला मूळचा ओलावा त्यात आणखी भर घालतो. भट्टीच्या भिंतीमागे कोमट पाणी असेल तर भिंतही कोमटच राहते. तिच्यावर ही वाफ निवते, न जळलेला धूर तिच्यात मिसळतो आणि काळे, चकचकीत, चिकट डांबर तयार होते. पूर्ण हिवाळाभर ६० अंशांवर चालवलेल्या बॉयलरचे दार उघडून पाहावे: भिंतींवर काळे ओघळ असतात, दाराच्या खालच्या कडेशी तपकिरी पाणी साचलेले असते आणि कोपऱ्यातली राख ओली होऊन पोलादाला चिकटलेली असते. ती राख खरवडली की खाली गंजाचे खड्डे दिसतात. दोन टक्के सरपण वाचवण्यासाठी ही किंमत मोजणे मला मान्य नाही. परतीचे पाणी ६० अंशांच्या खाली जाऊ नये, आणि जात असेल तर परतीच्या नळीवर गरम पाणी मिसळणारी झडप बसवावी.

फरशीखालच्या नळ्यांनी घर तापवणाऱ्यांना तर ४० अंशांचे पाणी पुरते, मग बॉयलर ८० वर कशाला, असे विचारले जाते. फरशीला ४० अंशांचे पाणी जरूर द्यावे, पण ते घराच्या आत मिश्रण-झडपेवर तयार करावे. बॉयलर गरमच राहावा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. काही बॉयलरांवर आकडे फॅरनहाइटमध्ये असतात. १८० म्हणजे ८२ आणि १४० म्हणजे ६०. हवेची झडप बंद होण्याचा आणि पुन्हा उघडण्याचा आकडा यांतले अंतर ५ ते ८ अंश ठेवले तर आग थोडा वेळ सलग आणि तेजाने जळते, आणि ते चांगले. उंचावरच्या ठिकाणी पाणी लवकर उकळते, दर ३०० मीटरला जवळजवळ एक अंश आधी, म्हणून उघड्या टाकीच्या बॉयलरचा आकडा तिथे ९० च्या वर नेऊ नये. मी स्वतः ८० ते ८२ च्या पलीकडे जात नाही.

सरपणाची खरी बचत लाकूड किती वाळले आहे आणि भट्टी किती भरली आहे यांवर अवलंबून असते. वजनाने वीस टक्के ओलावा असलेल्या किलोभर लाकडात सुमारे ४ युनिटे उष्णता असते, तर निम्मे पाणी असलेल्या किलोभर लाकडात जेमतेम सव्वादोन. ही तुलना नेहमी दिली जाते, पण ती पुरती प्रामाणिक नाही, कारण ओल्या किलोत मुळात लाकूडच कमी असते. तोच ओंडका ओला आणि वाळलेला तोलला, तर पाण्याची वाफ करण्यात जादा जाणारी उष्णता दहा टक्क्यांच्या आसपासच निघते. मोठे नुकसान त्यानंतर होते. ओल्या लाकडाची आग तापतच नाही आणि जळण्याजोगा धूर न जळता धुराड्यातून निघून जातो. अगदी तसेच, वाळलेल्या लाकडाने ठासून भरलेली भट्टी सौम्य हवेत लवकरच ठरलेल्या आकड्याला पोहोचते, झडप बंद होते आणि लाकूड तासन् तास धुमसत राहते. अशा दिवसांत दोन वेळा थोडे-थोडे जळण घालणे हे एकदाच काठोकाठ भरण्यापेक्षा केव्हाही बरे.

ओलावा मोजताना ओंडक्याच्या टोकावर सुया टोचू नयेत, कारण टोक सर्वांत आधी वाळते. लाकूड मधोमध फोडून ताज्या पृष्ठभागावर मोजावे. ही मापके बहुतेक वेळा कोरड्या लाकडाच्या तुलनेत ओलावा दाखवतात, त्यामुळे त्यांवरचे २५ म्हणजे एकूण वजनाच्या २० टक्के, हेही लक्षात ठेवावे. आणि बॉयलरचा आकडा बदलून फरक पाहायचाच असेल, तर पहिला दिवस सोडून द्यावा, खोलीचे तापमान वहीत लिहून ठेवावे, भट्टीत जाणारे प्रत्येक लाकूड तोलून घालावे आणि बाहेरची थंडी सारखी असलेल्या आठवड्यांचीच तुलना करावी.