माध्यमिक शाळेचं दार अरुंद का राहिलं

पोरं प्राथमिकनंतर शाळा का सोडतात म्हटलं की सगळे गरिबीकडे बोट दाखवतात, ते खोटं नाहीये, पण माध्यमिक शाळा मुळात सगळ्यांसाठी काढलीच नव्हती हे कोणी बोलत नाही. लिहिता-वाचता येण्यापुरती प्राथमिक, आणि त्यापुढची म्हणजे कारकून नि अधिकारी निवडायची चाळणी. इंग्लंडमध्ये सुद्धा ती सगळ्यांना फुकट झाली १९४४ च्या कायद्याने, आणि तेव्हाही अकराव्या वर्षीच्या परीक्षेवरून कोण कुठल्या शाळेत जाणार ते ठरायचं. वसाहतींमध्ये चाळणी अजून बारीक.

१९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा बघा, सक्तीचं फक्त प्राथमिक. १९६६ च्या आर्थिक-सामाजिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात माध्यमिक आलं, पण ते मोफत करायचं 'हळूहळू'. मग १९९० ला थायलंडमधल्या जोमतिएनला भरलेली 'सर्वांसाठी शिक्षण' परिषद, २००० ची संयुक्त राष्ट्रांची सहस्रक उद्दिष्टं, जोर आणि पैसा परत प्राथमिकवरच. मलावीने १९९४ ला, युगांडाने १९९७ ला, केनियाने २००३ ला प्राथमिकची फी काढली, वर्ग तुडुंब भरले आणि काही वर्षांनी तीच पोरं पुढच्या दारात उभी राहिली तर तिथे जागा नाहीत आणि फी आहे तशीच! मग युगांडाने २००७ ला, केनियाने २००८ ला माध्यमिकची ट्यूशन फी उचलली, तरी गणवेश, होस्टेल वगैरे घरच्यांच्याच डोक्यावर राहिलं.

त्यात वय अडचणीचं. तेरा-चौदाचं पोरगं कमावू शकतं, म्हणजे फी माफ केली तरी बुडालेली मजुरी कोण देणार? शिवाय माध्यमिकला विषयाला वेगळा शिक्षक, लॅब लागते, म्हणून शाळा कमी आणि लांब लांब. लांबची शाळा मुलाला जमते, मुलीला घरचे पाठवत नाहीत, वर धड टॉयलेट नाही आणि लग्नाची घाई. टांझानियात तर गरोदर राहिलेल्या मुलीला सरकारी शाळेत परत घेत नव्हते, ते २०२१ ला सुटलं. आणि अफगाणिस्तानात २३ मार्च २०२२ ला सहावीपुढच्या मुली दप्तर घेऊन आल्या आणि त्याच सकाळी परत पाठवल्या गेल्या, तिथे गरिबीचा काय संबंध?

'२०३० पर्यंत माध्यमिकही सगळ्यांना मोफत' हे संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत आलं २०१५ ला. युनेस्कोच्या २०१८ च्या आकड्यांत शाळेबाहेर प्राथमिक वयाची ५ कोटी ९० लाख मुलं, आणि माध्यमिकच्या दोन्ही (खालच्या आणि वरच्या) टप्प्यांची मिळून २० कोटी.