ऑक्सिजन सेन्सरचा कोड पुन्हा पुन्हा का येतो : १९७६ पासूनची पार्श्वभूमी

दहा-पंधरा वर्षं जुन्या पेट्रोल गाडीत चेक इंजिनचा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की ऑक्सिजन सेन्सरचा कोड निघतो. सेन्सर बदलतात, दिवा जातो आणि महिनाभरात तोच कोड पुन्हा हजर. मग ‘आधीचा पार्ट लोकल होता’ म्हणून कंपनीचा सेन्सर बसवतात, तरी दिवा परत येतोच. काही हजार रुपये गेलेले असतात आणि मूळ बिघाड जागच्या जागी असतो. असं का होतं, हे कळायला दोन गोष्टी माहीत हव्यात. हा सेन्सर गाडीत आला कशासाठी आणि त्याच्या दिव्याचा अर्थ पुढे कसा बदलला.

सुरुवात लॉस एंजेलिसच्या धुरक्यापासून होते. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स यांच्यावर ऊन पडलं की डोळे चुरचुरवणारं धुरकं तयार होतं. १९७० मध्ये अमेरिकेत स्वच्छ हवेचा कडक कायदा आला आणि १९७५च्या मॉडेलांपासून बहुतेक गाड्यांना धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागले. पण ते कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन एवढंच जाळून टाकत. नायट्रोजनची ऑक्साइड्सही त्याच डब्यात मोडायची तर हवा आणि पेट्रोल यांचं वजनी प्रमाण १४.७ ला १ याच्या अगदी जवळ, सतत राखावं लागतं. कार्बोरेटरला एवढी अचूकता झेपणारी नव्हती. धुरात ऑक्सिजन किती उरला हे क्षणोक्षणी सांगणारं काहीतरी हवं होतं.

त्यामागचं विज्ञान तोवर बरंच जुनं झालं होतं. जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच झिर्कोनिया या सिरॅमिकच्या मिश्रणातून, ते तापल्यावर, वीज वाहते हे ओळखून त्याचा दिवा बनवला होता. दोन बाजूंच्या प्रमाणातल्या फरकातून किती व्होल्टेज निर्माण होतं, त्याचं समीकरणही त्यांच्याच नावाचं. सेन्सरमध्ये झिर्कोनियाचं, शिंप्याच्या अंगुस्तानाएवढं टोपण असतं. त्याच्या बाहेरून धूर जातो, आत बाहेरची हवा असते. धुरात ऑक्सिजन कमी म्हणजे फरक मोठा, तेव्हा साधारण ०.९ व्होल्ट. ऑक्सिजन जास्त म्हणजे फरक कमी, तेव्हा ०.१ व्होल्ट. मधली सीमा ०.४५ ची. चांगल्या चालणाऱ्या गाडीत हा आकडा सारखा वर-खाली नाचत असतो.

इथेच सगळ्या गोंधळाचं मूळ आहे. हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, फक्त ऑक्सिजन मोजतो. एका सिलिंडरचा प्लग नीट ठिणगी देत नसेल तर तिथलं पेट्रोल न जळता बाहेर जातं, पण त्याच्यासोबतचा ऑक्सिजनही न वापरता बाहेर जातो. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो आणि तो सांगतो, ‘मिश्रण लीन आहे’, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. मग कंट्रोल युनिट, म्हणजे इंजिनचा संगणक, आणखी पेट्रोल सोडतं. अ‍ॅव्हरेज घसरतं, सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास येतो आणि दोष मात्र सेन्सरच्या माथी येतो.

जर्मनीच्या बॉशने हा सेन्सर उत्पादनात आणला आणि १९७६ मध्ये स्वीडनच्या व्होल्वोने तो कॅलिफोर्नियासाठीच्या २४० मालिकेच्या गाड्यांत बसवला. ‘लॅम्डा सोंड’ ही या सेन्सरच्या नावाची अक्षरं त्या गाड्यांच्या जाळीवर झळकत. त्या सुरुवातीच्या सेन्सरला एकच वायर असे आणि हीटर नसे. तो धुराच्याच उष्णतेवर तापायचा, जवळजवळ ३०० अंशांच्या पुढे गेला की काम करायचा आणि लवकर संपायचा. म्हणून डॅशबोर्डवर त्याचा एक दिवा दिला होता. तो ठरावीक मैल झाले की आपोआप लागायचा, सेन्सर तपासून नव्हे. दिवा लागला की सेन्सर बदला, ही रीत त्या काळात बरोबरच होती.

कॅलिफोर्नियाच्या नियमांतून पुढे गाडीने स्वतःची तपासणी स्वतः करण्याची पद्धत आली आणि १९९६ पासून अमेरिकेत ओबीडी-२ सगळ्या नव्या कारना सक्तीचं झालं. कन्व्हर्टरच्या मागे दुसरा सेन्सर आला. पुढचा सेन्सर मिश्रण सांभाळतो, मागचा कन्व्हर्टरवर नजर ठेवतो. आता दिवा मैल मोजून लागत नव्हता, तो एखादी चाचणी नापास झाली म्हणून लागत होता. माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा बदल हाच, आणि गॅरेजच्या सवयी त्याप्रमाणे पुरेशा बदलल्या नाहीत. बरेचसे दोष सलग दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय दिवा लागत नाही. स्कॅनरने कोड पुसला की चाचण्यांची नोंदही पुसली जाते आणि त्या पुन्हा पूर्ण व्हायला काही दिवसांचं चालवणं लागतं. त्या मधल्या काळात गाडी ‘बरी झाली’ असं वाटतं. झालेलं काहीच नसतं.

भारतात हे टप्प्याटप्प्याने आलं, म्हणून जुन्या गाडीचं वर्ष बघणं फार गरजेचं आहे. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या गाड्यांना कन्व्हर्टर आणि शिसंविरहित पेट्रोल आलं. शिशामुळे कन्व्हर्टर आणि सेन्सर दोन्ही निकामी होतात, त्यामुळे शिसं जाणं अटळच होतं. फेब्रुवारी २००० मध्ये ते देशभरातून गेलं. पुढच्या नियमांचा आराखडा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००२ मध्ये दिला. एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज ४ हा धुराच्या नियमांचा टप्पा दिल्ली, मुंबई, पुणे, सोलापूर अशा निवडक शहरांतच आला, त्यासोबत ओबीडीचा पहिला टप्पा आणि २०१३ पासून दुसरा. देशभर स्टेज ४ व्हायला २०१७ उजाडलं. म्हणजे २०१२ साली सोलापुरात आणि एखाद्या लहान तालुक्यात नोंदलेल्या सारख्याच दिसणाऱ्या दोन गाड्यांत स्वतःची तपासणी करण्याची ताकद वेगळी असू शकते. पहिल्या टप्प्यात भर मुख्यतः वायरिंग जोडलेलं आहे का, यावर होता. कन्व्हर्टर आणि मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) यांची खरी राखण दुसऱ्या टप्प्यात आली. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत तर दिव्याच्या उघडझापीवरून कोड मोजावे लागत.

म्हणून कोडची भाषा नीट वाचावी. पी ०१३५ म्हणजे पुढच्या सेन्सरच्या हीटरचं सर्किट. इथे सेन्सरच्या आधी फ्यूज, कपलर आणि सायलेन्सरला टेकून वितळलेली वायर बघायची. चार वायरच्या सेन्सरमध्ये सहसा दोन सारख्या रंगाच्या वायर हीटरच्या असतात. त्यांच्यात मल्टिमीटरने थोडेच ओहम मिळाले तर हीटर बहुधा शाबूत आहे. पी ०१७१ म्हणजे मिश्रण लीन. हा सेन्सरचा कोडच नव्हे, तरी त्यावर सर्रास सेन्सर बदलले जातात. तडकलेला व्हॅक्युम पाइप, चोंदलेला फ्यूल फिल्टर, थकलेला पंप ही खरी कारणं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट फुटली असेल तर धुराच्या धक्क्यांमधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर खोटं नाही, पण चुकीच्या ठिकाणचं सत्य सांगतो. पी ०४२० हा कन्व्हर्टरचा कोड असतो. त्याची तक्रार मागच्या सेन्सरकडून येते, एवढाच त्याचा सेन्सरशी संबंध.

सेन्सर खरंच मरतो तेव्हाही तो एकटा मरत नाही. तेल पिणाऱ्या इंजिनातला फॉस्फरस, हेड गॅस्केटमधून झिरपणारं कूलंट, चुकीच्या जागी लावलेला सिलिकॉनचा सीलंट यांचा थर त्याच्यावर बसतो. नवा सेन्सर त्याच धुरात लावला की त्याची तीच गत होते. काढलेल्या सेन्सरचं टोक बघितल्याशिवाय तो कधीही फेकू नये. पांढरट थर, काजळी, तेलकट चिकटपणा, प्रत्येकाची वाट वेगळ्या बिघाडाकडे जाते.

आपल्याकडे आणखी दोन गोष्टींची भर पडली. नंतर बसवलेल्या जुन्या सीएनजी किटमध्ये कंट्रोल युनिटला खोटा सिग्नल देणारा इम्युलेटर असतो. तो बिघडला किंवा त्याची जोडणी ढिली झाली की कोड सेन्सरच्या नावाने येतो. दुसरी गोष्ट इथेनॉल. शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९, आणि २० टक्के मिश्रणात तो आकडा साधारण १३.५ पर्यंत उतरतो. सेन्सर ते ओळखतो आणि कंट्रोल युनिट जादा पेट्रोल सोडून भरपाई करतं, पण त्या भरपाईला मर्यादा असते. आधीच हवा गळणारी जुनी गाडी ती मर्यादा लवकर गाठते. कालपर्यंत दडलेली बारीक गळती आज कोड होऊन दिसते. त्यामुळे अशा गाडीत स्कॅनरवर कोडच्या जोडीला लाँग टर्म फ्यूल ट्रिमचा, म्हणजे कंट्रोल युनिट पेट्रोलात किती भरपाई करतंय त्याचा, आकडा आधी आयडलला आणि मग २५०० आरपीएमला बघावा. आयडलला जास्त आणि वेग वाढवल्यावर कमी होत असेल तर शोध इनटेकच्या पाइपांकडे, दोन्हीकडे सारखाच जास्त असेल तर पेट्रोलच्या दाबाकडे वळवावा.